बंदुकीचं तोंड बघणारे डॉक्टर

त्यांची-माझी ओळख झाली तेव्हा मी खुर्चीत आडवा होतो, तोंड उघडं होतं आणि गालात कापसाचे बोळे होते. दाढ काढायची होती. इंजेक्शन देऊन झालं होतं. जबडा बधिर व्हायची वाट बघत डॉक्टर खिडकीशी उभे होते. एकाएकी ते टाचा उंचावून फाटकाकडे बघायला लागले. फाटकात गावाकडचा एक माणूस उभा होता आणि त्याच्या खांद्यावर पंच्यात गुंडाळलेली एक लांब वस्तू होती.

"मिटू नका," डॉक्टर मला म्हणाले. खणातून एक छोटा गोल आरसा काढला आणि गेले.

मी मिटलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. कुणी काही सांगितलं आणि माझ्याकडून ते झालं नाही, तर मला ते आठवडाभर खात राहतं. नाक्यावर पोलिसाने दुसऱ्या कुणाला शिट्टी मारली तरी मी स्कूटर बाजूला घेतो. तेव्हा तोंड तसंच वासून, मान वळवून मी खिडकीतून बघत राहिलो. त्या माणसाने पंचा सोडला. आत बंदूक होती. डॉक्टरांनी तिला हात लावला नाही. हात पाठीशी बांधून ते तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. मग म्हणाले, "गज टाका." माणसाने बार ठासायचा लोखंडी गज नळीत सोडला. टण्ण आवाज आला.

"रिकामी आहे. आता तिला आ करायला सांगा."

माणूस हसला. त्याने नळी कलती केली, आणि माझा दंतवैद्य अंगणात गुडघे टेकून, आरशावर ऊन झेलून, बंदुकीच्या तोंडात बघायला लागला.

परत आले तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. "कवळी निघाली!"

मी खुर्चीत ताडकन उठून बसलो. "बाजी?" असं काहीतरी मी म्हणालो. माझी, असं म्हणायचं होतं.

"तुमची नव्हे हो. तिची. नळी एकीची, घोडा दुसरीचा. पण दस्ता? दस्ता अस्सल! लाकडात शिक्का अजून आहे. अर्धा, पण आहे!" आणि त्या आनंदात त्यांनी माझी दाढ अशी अलगद काढली की मला कळलंही नाही.

त्यांच्याकडे आरसे दोन असत, एक माणसांचा आणि एक बंदुकांचा, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर मी काळजीत होतो, पण विचारायचा धीर झाला नाही.

मी मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर. ते मला शेवटपर्यंत "बर्फवाले" म्हणाले. त्यांना स्कूटर चालवता येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं, एवढ्यावर आमची मैत्री जमली. रविवार उजाडला की फाटकात उभे. डोक्यावर कानटोपी, मग मे महिना का असेना, खांद्यावर शबनम, तिच्यात आरसा, बॅटरी आणि कवळीचं माप घ्यायचा तो गुलाबी मसाला. बायको कधीच वारलेली. एकच मुलगी, लग्न होऊन नाशिकला. स्वतःच्या दातांकडे मात्र पूर्ण दुर्लक्ष. जेवताना घास कायम उजव्या बाजूला. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, डावीकडे काहीतरी दुखतंय तुमचं." तर म्हणाले, "दुसऱ्याच्या तोंडात बघायला शिकलोय मी. आपल्या नाही."

आमच्या भागात शेताच्या राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत. डुकरं, वानरं यांच्यापुढे दुसरा इलाज नाही. त्यातल्या बऱ्याचशा साध्या, कुठल्यातरी कारागिराने घडवलेल्या. पण मध्येच एखादी अशी निघते, जी कधीकाळी सैन्यात होती. साहेबाच्या फौजेला नवी बंदूक मिळाली की जुन्या विकायला निघायच्या. मग कुणी त्यांच्या नळ्या कापायचा, कुणी दस्ता तासायचा, आणि हातोहाती फिरत त्या इकडे कोकणात उतरायच्या. डॉक्टर त्यांना "पेन्शनर" म्हणत. "बर्फवाले, चांदेराईच्या बाजूला एक पेन्शनर आहे म्हणतात. काढा स्कूटर."

त्यांना बंदूक चालवण्यात काडीचा रस नव्हता. मी त्यांना बार काढताना कधी पाहिलं नाही. त्यांना हवं असे ते एवढंच, की ही कुठे जन्मली, कुणाच्या हातात होती, सैन्यातून रीतसर बाहेर पडली की चोरवाटेने, आणि वाटेत तिचं काय काय बदललं. रीतसर विकलेल्या बंदुकीवर दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतात. ते दिसले की डॉक्टर एखाद्या स्थळाची पत्रिका जुळल्यासारखे खूष होत. "जुनी म्हणजे दुर्मीळ नव्हे," ते बजावत. "जुनी तर जांभ्याची वीटही असते. दुर्मीळ म्हणजे जिचे सगळे दात स्वतःचे." नळी, घोडा, दस्ता, पट्ट्या, अगदी स्क्रूसुद्धा. कारखान्यात जोडताना कारागीर प्रत्येक भागावर एकसारख्या बारीक खाचा पाडून ठेवायचा. त्या सगळ्या जुळल्या, तर ते आरसा खिशात घालून नुसते उभे राहत, देवळात राहावं तसे. असं मी दोनदाच पाहिलं.

कायद्याने एका माणसाजवळ बंदुका दोनच. पूर्वी तीन चालत. कायदा बदलला तेव्हा त्यांनी तिसरी पोलिसांकडे जमा केली आणि आठवडाभर दवाखाना बंद ठेवला. म्हणून मग साचे. शिक्का सापडला की त्यावर गुलाबी मसाला दाबायचा, माप घ्यायचं, घरी येऊन त्यात पांढरं प्लास्टर ओतायचं. दवाखान्याच्या कपाटात एका कप्प्यात रत्नागिरीकरांचे जबडे आणि खालच्या कप्प्यात बंदुकांचे मुकुट, बाण, अक्षरं. एकदा एका पेशंटला चुकून खालच्या कप्प्यातलं दाखवलं. तो बिचारा म्हणाला, "डॉक्टर, हा दात जरा वेगळा दिसतो."

निवडणूक म्हणजे त्यांचा सण. आचारसंहिता लागली की तालुक्यातल्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. एरवी माळ्यावर, दाराआड, गोठ्यात लपलेल्या सगळ्या बंदुका त्या दिवसांत चालत, एसटीने, रिक्षाने शहरात येतात. कुणी गोणपाटात, कुणी लुगड्यात, एकाने तर चटईत गुंडाळून आणली होती. ठाण्यासमोर उंडीचं एक जुनं झाड आहे. त्याच्या सावलीत डॉक्टर स्टूल टाकून बसत. हवालदार ओरडायचा, "काय डाक्टर, आले का तुमचे गणपती?"

"आले, आले! आणि यंदा मूर्ती जास्त आहेत!"

"कोण येतोय निवडून?"

"कोणीही येवो. मुदतीआधी पडला म्हणजे झालं. परत निवडणूक, परत सण!"

रांगेतली माणसं खदखदून हसत. मग एकेक जण बंदूक घेऊन त्यांच्यासमोर येई. दुसऱ्याच्या बंदुकीला ते कधीच हात लावत नसत. धरायची मालकानेच. आधी गज, मग आ, मग आरसा. बघून झालं की मालकाचाही जबडा बघत, फुकट. मी बाजूला बॅटरी धरून उभा. खरं सांगायचं तर मला त्या रांगेत जी धडधड व्हायची तशी दुसऱ्या कशात झालेली नाही. पुढच्या लुगड्यात काय असेल? आणि लगेच टोचणी लागे. माझी आई माळकरी होती. घरात ढेकूण मारायलाही तिची परवानगी नसे. तिचा मुलगा बंदुकीच्या दस्त्यावरून बॅटरी फिरवत होता, आणि त्या बंदुका कुणावर रोखल्या गेल्या असतील? आपल्याच माणसांवर ना? एकदा धीर करून डॉक्टरांना तसं विचारलं. त्यांनी आरसा सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "म्हणून तर बघायचं. ज्याने शिक्का घासून टाकला, त्याने साक्षीदार मारला."

घासून टाकणं हे त्यांचं मोठं दुःख होतं. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्र लख्ख करतात. पॉलिश पेपर घ्यायचा, चिंच, राख, वरून घराच्या दारांचा उरलेला रंग. दर खंडेनवमीला कुठेतरी एक शिक्का मरतो. म्हणून तिच्याआधीच्या रविवारी आम्ही गावोगाव फिरायचो. पेपर हातातून काढून घ्यायचो, खोबरेल द्यायचो. एका म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला होता. "डाक्टर, दात दोनदा घासा म्हनता, नि बंदूक घासू नको म्हनता. आमी करायचा तरी काय?"

"दात परत येत नाहीत म्हणून घासायचे. शिक्का परत येत नाही म्हणून घासायचा नाही."

"मग माजी दाढ फुकट काढा. नाय घासत."

डॉक्टरांनी तिथेच, ओटीवर बसवून, काढली.

त्याच म्हाताऱ्याच्या बंदुकीवर एक सुरेख मुकुट होता. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. डॉक्टरांनी आरसा माझ्या हातात दिला. "गंजाचे खड्डे बघा. मुकुटाची रेघ खड्ड्यापाशी तुटते की खड्ड्यात उतरते?"

"उतरते."

"म्हणजे कीड आधी लागली, कोरीवकाम नंतर झालं. अस्सल शिक्क्याला खड्डा तोडतो. नकली शिक्का खड्ड्यात उतरतो. कुणीतरी बाजारात भाव यावा म्हणून कोरलाय." म्हाताऱ्याला मात्र ते म्हणाले, "छान आहे हो. जपा."

त्यांच्या स्वतःच्या दोन बंदुका होत्या. एक पोलिसांनी पूर्वी वापरलेली, सैन्यातून उतरवून नळी गुळगुळीत केलेली. तिला ते "नोकरदार" म्हणत. दुसरी आजोबांची. एका संस्थानिकाने शिकारीत खूष होऊन आजोबांना दिलेली, कळीच्या, म्हणजे घोडा जिच्यावर बसतो त्या, पोलादी पट्टीवर संस्थानाचा मुकुट. ती कपाटात मखमलीत असे. तिच्याबद्दल बोलताना डॉक्टरांचा आवाज खाली येई.

मग ती बाई आली.

भात पोटरीत आलेलं होतं. मी कारखान्यातून येताना दवाखान्यात डोकावलो, तर पायरीवर एक पन्नाशीची बाई बसलेली. कपाळ मोकळं. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बंदूक.

"दाताचे डाक्टर बंदुकीचं त्वांड बगतात ते हेच काय वो?" तिने मला विचारलं. "पालीच्या आतनं आलेय. कंडक्टरनं बंदूक बगून पुढची सीट दिलान."

डॉक्टर बाहेर आले. ती उठली नाही. म्हणाली, "आमचा घरवाला गेला. पोलीसपाटील बोललान, बंदूक ठान्यात जमा कर. मुदतीत कुनी नावावर करून घेतली नाय तर कापून भंगारात घालतात म्हनं. घेनारा कोन हाय का, येवडंच इचारायला आलेय."

"गज टाका," डॉक्टर म्हणाले.

टण्ण वाजलं. तिने लुगडं सोडलं आणि मी बॅटरी लावली. डॉक्टरांनी आरसा नळीत धरला, काढला, परत धरला. मग दस्त्याच्या उजव्या अंगाला वाकले. लाकडात गोल शिक्का होता, आणि त्यातली अक्षरं मला उभ्या उभ्या वाचता येत होती! मग खाचा. नळीखाली तीन बारीक खाचा. कळीवर तीन. पट्टीवर तीन. स्क्रूच्या मुंडीवर तीन. शेवटी दोन बाण, टोकाला टोक. डॉक्टरांच्या हातातला आरसा नळीवर टकटक वाजत होता.

"बर्फवाले," ते कुजबुजले, "आटे नाहीत. आणि कधी नव्हतेच."

मला समजेना. तेव्हा त्यांनी श्वास घेऊन सांगितलं. सत्तावन्नच्या उठावानंतर साहेबाने देशी शिपायांसाठी मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका करवून घेतल्या. गोऱ्याच्या नळीत आटे, म्हणजे आतून पिळाचे चर, त्याची गोळी लांब आणि नेमकी जायची. आपल्या शिपायाची जवळच पडायची. पुन्हा उठले तर कमी पडावेत म्हणून. बाजारात दिसतात त्या नंतर आतून घासून गुळगुळीत केलेल्या. ही जन्मतःच अशी. "हा नुसता शिक्का नाही हो. साहेबाच्या भीतीचं माप आहे हे. आणि सगळे दात स्वतःचे! सगळे!"

आम्ही दोघं अंगणात अक्षरशः नाचायचे बाकी होतो. मी डॉक्टरांचा हात धरून हलवत होतो. आणि मग त्या बाईकडे लक्ष गेलं. ती शांतपणे आमच्याकडे बघत होती.

"मानूस गेला तवा येवडी मानसं वाकून बगायला आली नव्हती," ती म्हणाली.

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तरी खोटं कशाला बोलू, छातीतली धडधड थांबली नव्हती. लाज आणि आनंद एकाच वेळी इतके भरून येऊ शकतात हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "चुकलं, वहिनी. मी घेतो ही. भंगारात जाऊ देणार नाही." ती बरं म्हणाली, आणि आम्ही तिच्याबरोबर ठाण्यात जाऊन बंदूक जमा करून आलो.

आता प्रश्न असा की तिसरी चालत नाही. दोनांतली एक सोडायला हवी. संध्याकाळी डॉक्टरांनी दोन्ही टेबलावर मांडल्या. नोकरदार सामान्य, पण अस्सल. आजोबांची घरातली. मी मदत करावी म्हणून कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि सहज विचारलं, "डॉक्टर, आजोबांच्या बंदुकीचा साचा कुठला?"

 मी वळून बघितलं. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांचंच तोंड उघडायला सांगितलं होतं. एवढी वर्षं, एवढे साचे, आणि घरच्या बंदुकीचा घेतलेलाच नव्हता. तिला कधी आरसा लावलाच नव्हता. लावायची गरज काय? आजोबांची ती!

"आणा," ते म्हणाले. मी बंदुकांचा आरसा दिला.

नळीवर चार खाचा. कळीवर दोन. दस्त्याचा शिक्का तासलेला. शेवटी मुकुट. त्यांनी बघितला, मग मला बघायला लावला. मुकुटाची प्रत्येक रेघ गंजाच्या खड्ड्यात छान उतरत होती.

मी मनात स्वतःला शंभर शिव्या दिल्या. काय गरज होती विचारायची? "डॉक्टर, कदाचित पुन्हा उजळला असेल..." मी सुरू केलं. ते हसायला लागले. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कवळी आहे हो! पूर्ण कवळी! आजोबांनी बाजारात घेतली आणि संस्थानिकाने दिली म्हणून आम्हाला जन्मभर..." मग डोळे पुसून म्हणाले, "सुटलो. हिला सोडायची. ती घ्यायची."

पुढच्या रविवारी आम्ही पालीच्या पुढे, आतल्या गावाला निघालो. वारस म्हणून त्या बाईंची संमती लागत होती. स्कूटरवर मागे डॉक्टर चक्क गात होते. घर डोंगराच्या कुशीत, खाली भाताचे चोंढे, म्हणजे सखल खाचरं. त्यातले दोन असे लोळवलेले, जणू कुणी रात्रभर कुस्ती खेळलं असावं.

"डुकरां," वहिनी म्हणाल्या. "बंदूक गेल्यापासनं. पयलं फटाके लावले. दोन रात्री पळाली. तिसऱ्या रात्री फटाके बगायला पिलांना घेऊन आली."

"बंदुकीने किती मारली होती?" मी विचारलं.

"एक पन नाय. पन तिचा आवाज त्यांना पाठ हाय. आता बगते, यंदाचं मिळंल तेवडं कापते नि सोडून देते जमीन. मुंबैला भावाकडं जाईन."

डॉक्टरांचं गाणं बंद झालं. आम्ही घरात गेलो. वहिनींनी चहा ठेवला. स्वयंपाकघराची भिंत पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने काळीभोर, आणि चुलीच्या वर, दोन लाकडी खुंट्यांच्या मध्ये, त्या काळ्या भिंतीवर एक फिकट बंदूक होती. बंदूक नव्हती, तिची जागा होती. जिथे ती टांगलेली असे तिथे धूर बसला नव्हता. दस्त्याचं वळण, घोड्याचा उंचवटा, गजाची बारीक रेघ, सगळं स्वच्छ उमटलेलं.

"बर्फवाले," डॉक्टर म्हणाले, "साचा."

ते भिंतीजवळ गेले. हात पाठीशी बांधलेले. खाली हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती, वर्षावर्षांची, एकावर एक.

"खंडेनवमीला घासत नाही तुम्ही?"

"आमच्यात त्या दिवशी तिला खाली घ्यायची नाय. सासूबाय सांगायच्या, बाकीचे दिवस ती राखन करते, येक दिवस तिला निजू द्या. जिथं हाय तिथंच झेंडू लावायचा." त्या चुलीत फुंकर घालत म्हणाल्या. म्हणून लाकडातला शिक्का वाचला होता, आणि चुलीच्या उबेने समुद्राची हवा तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

चहा आला. मी पिशवीतून संमतीचा कागद काढला. डॉक्टरांनी तो घडी करून खिशात घातला.

"वहिनी, मी बंदूक घेत नाही."

"काय?" कपबशी खाली आदळली. "मग येवडं वाकून बगितलं कशाला? गरिबाची चेष्टा करायला?"

"आजोबांनी एक बंदूक घरी आणली आणि तिच्यावर आपली गोष्ट कोरली. मी हिला नेली तर मीही तेच करणार. आज नाही कोरणार, पण माझा नातू सांगेल, आमच्या घराण्यातली." ते भिंतीकडे बघत होते.  आयुष्यभर ज्याची वाट बघितली ती वस्तू ते उभ्या उभ्या सोडत होते, आणि मला ओरडावंसं वाटत होतं की नका, नका! "परवाना तुमच्या नावावर करायचा."

"माज्या? बाईमानसाच्या?"

"बंदुकीला काय कळतं?"

"डुकराला कळंल."

"आवाज तर तोच राहील ना?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मग आदळलेली कपबशी उचलत म्हणाल्या, "मला चालवायला येते ती. ह्यांना ताप असला की मीच काढायची बार. कुनाला बोलू नका."

पुढचे दिवस आम्ही दोघांनी अक्षरशः धावत काढले. सात-बारा, वारसदाखला, डॉक्टरी तपासणी, पोलीस चौकशी, बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण. एक कागद आला की दुसरा शिळा व्हायचा. मुदत जवळ येत होती, आणि ठाण्याच्या कोठीत ती बंदूक भंगारात जाणाऱ्या तलवारींशेजारी उभी होती. डॉक्टर रोज हवालदाराला विचारत, "जेवली का?" पेशंट खुर्चीत आ वासून आणि डॉक्टर कलेक्टर कचेरीत, असं कितीदा झालं. प्रशिक्षणाच्या दिवशी वहिनींनी पदर खोचला आणि पहिल्याच बाराला फळीची ढलपी उडवली. मैदानाबाहेर कानटोपीवरून दोन्ही कान गच्च दाबून बसलेले डॉक्टर तेवढ्या आवाजानेही दचकले, आणि मग सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्यांच्याच.

परवाना मुदतीत झाला. बंदूक घरी गेली त्या दिवशी खुंटीवर चढवायचा मान डॉक्टरांचा, असं वहिनी म्हणाल्या. ते पुढे झाले आणि थांबले. "दुसऱ्याच्या बंदुकीला मी हात लावत नाही." वहिनींनीच चढवली. ती त्या फिकट जागेत अशी बसली की भिंत पुन्हा पूर्ण काळी झाली.

आजोबांची बंदूक त्यांनी सोडली नाही. तिच्या मुकुटाचा साचा काढून कप्प्यात सगळ्यांत पुढे ठेवला. खाली चिठ्ठी: "आजोबांनी कोरला असावा. कारण: हौस. असा दुसरा नाही."

साखरेच्या आजाराने त्यांची नजर हळूहळू गेली. मुलीने नाशिकला नेलं, दोन्ही बंदुका रीतसर जमा झाल्या. जाताना त्यांनी गुलाबी मसाल्याचा डबा आणि तो आरसा माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, मला कुठे एवढं कळतं. "मिटू नका म्हणजे झालं," ते म्हणाले.

मागच्या निवडणुकीला मी उंडीखाली स्टूल टाकून बसलो. दुसऱ्याच्या पाटावर जेवायला बसावं तसं वाटत होतं. हवालदार म्हणाला, "काय बर्फवाले, डॉक्टरी पास झालात?" रांग सरकत होती. काळीज तसंच धडधडत होतं, पण खरी भीती एकच होती. बंदूक घरी गेल्याला बऱ्याच खंडेनवम्या झाल्या होत्या. वहिनी आता एकट्या. कुणी पुतण्या, कुणी शेजारी, हौसेने पॉलिश पेपर घेऊन...

त्या आल्या. लुगडं तेच. मला बघून म्हणाल्या, "डाक्टर नाय? मग तुमी बगा." त्यांनी गज टाकला. टण्ण. मग नळी कलती करून स्वतःच तिला म्हणाल्या, "आ कर गो बाय."

मी आरसा धरला. मग दस्ता. मग खाचा, एकेक करून.  मसाला मळला, शिक्क्यावर दाबला, खाचांवर दाबला, साचे ओतले आणि एसटीच्या पार्सलने नाशिकला पाठवले.

फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. "सोडवतोय गाठ," डॉक्टरांचा आवाज. कागद फाटला.  नुसता श्वास. ते बोटांनी वाचत होते.

"डुकरं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"आवाज काढला की पळतात म्हणाल्या. सगळे चोंढे लावलेत यंदा."

पुन्हा श्वास. मग श्वास थांबला.

"बर्फवाले," ते म्हणाले, "ठेवू नका."

फोन कुठेतरी आपटला गेला. चपलांचा आवाज लांब लांब गेला, कशाला तरी धडकला, आणि नाशिकच्या त्या घराच्या कुठल्याशा टोकाहून एक म्हातारा मुलीला ओरडून सांगत होता, "अगं ये, हात लाव! सगळे दात स्वतःचे! सगळे!"

इकडे बर्फाची लादी सुटली, गाडीवाला माझ्या नावाने बोंबलत होता. मी फोन ठेवला नाही.